यादीच तर दिलीय की!

फुलंब्री तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा कारकून उगाच तक्रार करणाऱ्यांतला नाही. त्याने सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या व्हॉट्सअॅपवर स्क्रीनचा फोटो पाठवला, तेव्हा काहीतरी खरंच अडलंय हे कळलं. फोटोत सभासदाच्या माहितीचा फॉर्म होता. ‘या हंगामातली पिके’ या प्रश्नाखाली चार चौकोनांत खुणा केलेल्या: कापूस, तूर, मका, आले. आणि त्याखाली लाल अक्षरांत इंग्रजी वाक्य, ‘एंटर अ लिस्ट ऑफ व्हॅल्यूज’. फोटोपाठोपाठ फोन. ‘ताई, यादी द्या म्हणतंय. यादीच तर दिलीय की! अजून कोणती द्यायची?’

ताई म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी. छत्रपती संभाजीनगरात सिडको भागात दुसऱ्या मजल्यावर आमचं लहानसं ऑफिस आहे. बँका, सहकारी संस्था, शेतकरी कंपन्या यांच्यासाठी आम्ही वेबवर चालणाऱ्या नोंदवह्या बनवतो. सॉफ्टवेअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे काचेचं पुणं-हिंजवडी येतं, त्यातलं इथे काही नाही. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांची बिलं आणि आजूबाजूच्या तालुक्यांतले फॉर्म, यावर आमचं चालतं. त्यातलं निम्म्याहून अधिक काम नवीन काही बनवण्याचं नसतं. बनवलेलं का चालत नाही हे शोधण्याचं असतं. बाहेरून पाहणाऱ्याला यात दिसण्यासारखं काही नाही. एक माणूस पडद्याकडे बघत बसलाय, एवढंच. म्हणून तो पडद्यावर नेमकं काय बघतो ते या एका फॉर्मच्या निमित्ताने सांगतो.

आधी मूळ गोष्ट. वेबचा साधा फॉर्म भरून ‘जतन करा’ दाबलं की ब्राउझर सर्व्हरकडे जोड्या पाठवतो: प्रश्नाचं नाव आणि त्याचं उत्तर. नाव इतकं, गाव इतकं, फोन इतका. पण एका प्रश्नाला चार उत्तरं असली तर? तेव्हा ब्राउझर तेच नाव चारदा लिहितो, आणि पुढे त्या-त्या पिकाचा क्रमांक. पिके बरोबर १, पिके बरोबर ४, पिके बरोबर ५, पिके बरोबर ९. बस. ही यादी आहे, हिच्यात चार नग आहेत, असं कुठेही लिहिलेलं नसतं. एकाच पत्त्यावर चार वेगळी पाकिटं टाकावीत, तसं. ही पद्धत जुनी आहे. १९९५ च्या नोव्हेंबरात एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचं मानक निघालं त्यातच ती आहे, आणि आजही वेबचे साधे फॉर्म तिच्यावरच चालतात.

आता ही चार पाकिटं घेणारा काय करतो, यावर सगळं अवलंबून. आणि इथे जगात एकवाक्यता नाही. जावाच्या जुन्या सर्व्हलेटला सरळ ‘पिके दे’ म्हटलं तर तो पहिलं देतो. गो भाषाही पहिलंच देते. पीएचपीत नावापुढे चौकटी कंस लावले नाहीत तर शेवटचं तेवढं उरतं. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपी डॉट नेटमध्ये सगळी उत्तरं स्वल्पविराम घालून एका ओळीत मिळतात. आम्ही वापरतो तो जँगो, वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तो जन्मला, २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि नाव घेतलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. तो सगळी पाकिटं सांभाळून ठेवतो, पण साध्या पद्धतीने मागितलं तर शेवटचंच हातात देतो. सगळी हवी असतील तर ‘गेटलिस्ट’ म्हणून वेगळं मागावं लागतं. यातलं कोणीही तक्रार करत नाही, हे महत्त्वाचं. पहिलं घेणारा ‘बाकी तीन टाकून दिली’ असं सांगत नाही.

आमच्या फॉर्ममध्ये मात्र कुणीतरी तक्रार करत होतं, हे त्यातल्या त्यात बरं.

सहकारीने पहिलं काम केलं ते चूक आपल्या मशीनवर पुन्हा घडवून आणायचं. नवशिके इथेच घाई करतात; चूक डोळ्यांनी पाहण्याआधीच दुरुस्तीला लागतात. तिने चार पिकांवर खुणा केल्या: तेच लाल वाक्य. एकाच पिकावर खूण केली: तरी तेच. मग एकही खूण न करता जतन केलं, आणि फॉर्म निमूट जतन झाला. म्हणजे आमची ही नोंदवही फक्त काहीही न पेरणाऱ्या शेतकऱ्याला घ्यायला तयार होती. आम्ही दोघंही हसलो. पण याच विचित्रपणाने पुढचा रस्ता दाखवला. यादीतलं एखादं पीक चुकीचं आहे, अशी ही भानगड नव्हती. पीक आलं की बिघडत होतं, मग ते कोणतंही असो.

पुढची पायरी म्हणजे माल ज्या ज्या ठिकाणी हातबदल होतो तिथे उभं राहून मोजणं. ब्राउझरच्या आतली नेटवर्कची खिडकी उघडून तिने पाठवलेला मजकूर कच्च्या रूपात पाहिला. नीट मांडलेलं पाहिलं तर ब्राउझर आपल्या सोयीने सजवून दाखवतो, म्हणून कच्चं. चारही जोड्या होत्या. मग सर्व्हरवर जँगोच्या हाती पडताक्षणी छापून पाहिलं. तिथेही ‘पिके’पुढे चारही आकडे. मग फॉर्म तपासणीला बसतो त्याच्या एक ओळ आधी छापलं, आणि तिथे ‘पिके’पुढे एकटा ९ होता. कापूस, तूर, मका वाटेत सांडले. शेवटचं आलं तेवढं पोचलं.

दोन ठिकाणांच्या मधे कोडच्या जेमतेम पाच-सात ओळी होत्या. त्या वाचताना काय घडलं असेल ते उमगलं. गावोगाव फिरून माहिती भरणाऱ्या मुलाचा क्रमांक आपोआप फॉर्मला जोडायचा होता. पण ब्राउझरकडून आलेला माल जँगो बदलू देत नाही. हात लावला की तो स्पष्ट नकार देतो. मग कुणीतरी त्याला ‘डिक्ट’ हा शब्द लावून त्याचा साधा शब्दकोश करून घेतला, त्यात क्रमांक घातला आणि पुढे पाठवला. काम झालं. फक्त साधा शब्दकोश एका नावाला एकच उत्तर ठेवतो, आणि जँगो अशा वेळी शेवटचं उत्तर देतो.

पुढचं तर जँगोच्या आतलं आहे, पण सांगण्यासारखं आहे. अनेक निवडींचा चौकोन तपासणीसाठी माल मागतो तेव्हा आधी ‘गेटलिस्ट’ आहे का ते बघतो. नसलं तर साधं ‘गेट’ वापरतो. साध्या शब्दकोशाकडे गेटलिस्ट नसतंच. त्यामुळे तपासनीसाच्या हातात ९ हा एकटा अक्षरपुंज आला. तो म्हणाला, मला यादी हवी, हे तर एकच आहे. काहीच आलं नसतं तर त्याने ते रिकामी यादी म्हणून चालवून घेतलं असतं, आणि घेतही होता. लाल अक्षरांतलं ते वाक्य खरं तर कारकुनासाठी नव्हतंच. ते आमच्यासाठी होतं, आणि आम्ही ते त्याच्या पडद्यावर छापत होतो.

दुरुस्ती एका शब्दाची: ‘डिक्ट’च्या जागी ‘कॉपी’. प्रत काढली की तिला हात लावता येतो आणि पाकिटंही सगळी राहतात. आमच्याकडे नुकताच आलेला एक मुलगा मागे उभा राहून बघत होता. त्याने हीच गोष्ट आपल्या पद्धतीने करून पाहिली. प्रतीत पिकांची यादी पुन्हा सरळ बरोबरच्या चिन्हाने टाकली. आता नवीनच वाक्य आलं. कंसांसकट अख्खी यादी हेच एक पीक समजून, ते उपलब्ध पर्यायांत नाही, असं जँगो म्हणाला. कारण बरोबरच्या चिन्हाने टाकलेली वस्तू तो एकच उत्तर मानतो. यादी द्यायची तर ‘सेटलिस्ट’ म्हणावं लागतं. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, हे तर यादीतली यादी झालं.’ त्याला ते पुस्तकातून कळायला महिना लागला असता.

मला खटकलं ते वेगळंच. या फॉर्मला चाचण्या लिहिलेल्या होत्या आणि सगळ्या हिरव्या होत्या. मग त्या काय तपासत होत्या? उघडून पाहिलं. चाचणी लिहिणाऱ्याने ब्राउझरची वाट टाळून फॉर्मच्या हातात थेट साधा शब्दकोश दिला होता, आणि त्यात ‘पिके’पुढे तयार यादी. तिथे गेटलिस्ट नसलं तरी ‘गेट’ने यादीच मिळते, म्हणून तपासणी पास. म्हणजे चाचणीतला माल कधीच त्या वाटेने आला नव्हता जिथे तो सांडत होता. अनेक उत्तरांच्या प्रश्नाची चाचणी पूर्ण वाटेने घ्यायची, फॉर्म दाबण्यापासून नोंद वाचण्यापर्यंत, हा नियम आम्ही तेव्हापासून पाळतो. वेळ जास्त लागतो. लागू दे.

ओरडणारी चूक सापडली. पण अशा वेळी तिच्या आसपास न ओरडणाऱ्या चुका असतात, हे सहकारीला पक्कं माहीत होतं. तिने गावोगाव फिरणाऱ्या मुलांच्या टॅबवरून आलेल्या नोंदी काढल्या. कन्नड, सोयगावकडे रेंजचा भरवसा नसतो, म्हणून टॅबवरचा फॉर्म माहिती साठवून ठेवतो आणि रेंज आली की जेक्वेरी या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या तयार कोडने पाठवतो. त्या नोंदींत कित्येक सभासदांची पिकं कोरी होती आणि कुठेही लाल अक्षर नाही. जेक्वेरीला तुम्ही यादी दिलीत की २०१० मधल्या १.४ या आवृत्तीपासून ती नावापुढे आपणहून चौकटी कंस लावते. पीएचपीवाल्यांची आणि रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कवाल्यांची सोय म्हणून. आमचा जँगो ‘पिके’ शोधत होता, माल ‘पिके’ आणि पुढे कंस या नावाने येत होता. नाव जुळत नाही म्हणजे उत्तर नाही. आणि पिकांचा प्रश्न सक्तीचा नव्हता. झालं. शेतकऱ्याचा फोन नंबर बदलायला टॅब उघडावा आणि त्याची सगळी पिकं पुसली जावीत, असं महिनोन् महिने चाललं असणार.

‘असणार’ म्हणतो, कारण मधे कुणीतरी मलमपट्टीही करून ठेवली होती. पिकं पुसली जातात अशी तक्रार आली असेल. त्यावर दोन ओळी घातल्या होत्या की विनंतीत ‘पिके’ हे नाव नसेल तर जुनी पिकं तशीच राहू द्या. शहाणपणाची वाटते. पण एचटीएमएलचा नियम असा की खूण न केलेला चौकोन ब्राउझर पाठवतच नाही. ‘नाही’ असंही सांगत नाही. म्हणजे एखाद्याने मोसंबीची बाग तोडली, पुढचं काही पेरलं नाही आणि सगळ्या खुणा काढून फॉर्म जतन केला, तर विनंतीत ‘पिके’ नसणार आणि मोसंबी कागदावर उभीच राहणार. आधी पिकं जात होती, आता जाईनात. जँगोच्या कर्त्यांनाही हा पेच ठाऊक आहे. अनेक चौकोनांच्या बाबतीत उत्तर गाळलं की मुद्दाम कोरं ठेवलं हे सांगता येत नाही, असं त्यांनी आपल्या कोडमध्येच लिहून ठेवलंय. रेल्सवाले यावर युक्ती करतात: चौकोनांच्या आधी त्याच नावाचा एक अदृश्य कोरा रकाना ठेवतात. कुणी खूण केली नाही तरी तो जातो, आणि प्रश्न विचारला गेला होता एवढं तरी कळतं.

या टप्प्यावर मला सात-बारा आठवला. सातबाऱ्यातला बारा, म्हणजे गाव नमुना बारा, पिकांची नोंदवही. तलाठ्याच्या हातचा तो आडवा कागद ज्याने बारकाईने वाचला असेल त्याला लक्षात येईल की त्यात ‘पिके’ नावाचा एक रकाना नाहीच. मिश्र पिकाखालचं क्षेत्र वेगळं. त्यात मिश्रणाचा संकेत क्रमांक, मग घटक पिकं आणि प्रत्येकाखालचं क्षेत्र, जलसिंचित किती, अजलसिंचित किती. निर्भेळ पिकाखालचं क्षेत्र त्याच्या शेजारी, स्वतंत्र. आणि त्यानंतर लागवडीसाठी उपलब्ध नसलेल्या जमिनीचे रकाने: स्वरूप काय, क्षेत्र किती. हा नमुना ठरवणाऱ्याला ठाऊक होतं की मराठी माणूस शेतात एकच गोष्ट पेरत नाही. कपाशीत तुरीची ओळ असते. दोन पिकं एका रानात शेजारी असणं आणि एकमेकांत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या चार चौकोनांना हा फरक कळतच नव्हता. कापूस, तूर, मका, आले अशी खूण केली की चारही जणू स्वतंत्र वावरात. आणि कोरेपणाला तर त्या कागदात जागाच ठेवलेली नाही. जमीन पडीक असली तरी ती कुठेतरी लिहावी लागते.

ही पद्धत गावागावांत रुजलेली आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि नोंद तलाठ्याऐवजी शेतकऱ्याने मोबाईलवर करायची ठरली, तरी विचारायच्या गोष्टी त्याच. आम्ही मात्र अनेक निवडींचा चौकोन समोर तयार मिळतो म्हणून तो लावला होता. फ्रेमवर्क जे सहज देतं त्याच्या आकाराचे प्रश्न आपण विचारू लागतो, हा या धंद्यातला माझा जुना राग आहे.

मग फॉर्मच बदलायचं ठरलं. ‘या हंगामात काहीही पेरलेलं नाही’ हा स्वतंत्र पर्याय घातला. सहकारीने आधी त्याला ‘पड’ म्हटलं होतं, आणि पड आणि दुसरं पीक दोन्हींवर खूण असेल तर चूक दाखवायची तपासणी लिहिली होती. तर्काला धरून होती. कारकुनाला दाखवल्यावर तो म्हणाला, ‘ताई, असं कसं चालेल? निम्मं रान पड ठेवतात, निम्म्यात कपाशी असती.’ तपासणी काढून पर्यायाचे शब्द बदलले. दुसरं, पिकांच्या यादीत ‘आले’ होतं, पण इकडे खुलताबाद, फुलंब्री, कन्नडचा शेतकरी अद्रक म्हणतो. शोधायच्या खिडकीत ‘अद्रक’ टाइप केलं की काही सापडत नसे आणि माणूस ‘इतर’वर खूण करून मोकळा व्हायचा. यादीतल्या पाटीवर आता ‘आले (अद्रक)’ आहे. आतला क्रमांक ९ तोच.

प्रत्येक पिकापुढे क्षेत्र आलं, आणि त्याबरोबर अनेक उत्तरांच्या प्रश्नाचा दुसरा प्रकार आला. पहिला प्रकार म्हणजे एका प्रश्नाला अनेक उत्तरं. हा दुसरा म्हणजे अनेक खिडक्यांत लिहिलेलं मिळून एकच उत्तर. शेतकरी क्षेत्र सांगतो एकर आणि गुंठ्यांत. सरकारी कागद हेक्टर-आर मागतो. आधी एकच खिडकी होती आणि लोक २.२० लिहायचे. दोन एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे हे अडीच एकर झालं. संगणकाने ते दोन दशांश दोन शून्य एकर वाचलं, म्हणजे दोन एकर आठ गुंठे. बारा गुंठे हवेत. अशी चूक कोणतीही तपासणी पकडत नाही, कारण २.२० हा आकडा म्हणून निर्दोष आहे.

जँगोत यासाठी तयार सोय आहे: दोन खिडक्या, दोन्हींतलं एकत्र करून एक मूल्य बनवणारी एक पायरी, आणि साठवलेलं मूल्य पुन्हा दोन खिडक्यांत वाटणारी दुसरी. गुंठे शून्य ते एकोणचाळीस, एवढीच मर्यादा घातली की चाळीस गुंठे लिहिणाऱ्याला लगेच टोकता येतं. पण पहिल्याच दिवशी तक्रार: तीन एकर लिहिलं, तरी ‘हा रकाना आवश्यक आहे’ असं येतं. शेतकऱ्याकडे बरोबर तीन एकर होते, गुंठ्यांची खिडकी कोरी होती. सक्तीच्या जोड-रकान्याचा प्रत्येक भाग भरलाच पाहिजे, असं जँगो मुळात धरून चालतो. ती अट बंद करून गुंठ्यांना ऐच्छिक केलं. मग एकत्र करणाऱ्या पायरीच्या हाती तीन आणि ‘काहीच नाही’ असं आलं, आणि तीनमध्ये काहीच-नाही मिळवता येईना म्हणून सर्व्हर कोसळला. काहीच-नाही म्हणजे शून्य धरा, असं लिहावं लागलं. इथे तरी कोऱ्याचा अर्थ शून्य असण्याबद्दल कुणाचा वाद नव्हता.

सगळ्यांत अवघड प्रकरण पिकांचं नव्हतं, आमच्याच गावच्या नावाचं होतं. याच शेतकरी कंपनीच्या व्यापारी नोंदणीच्या फॉर्ममध्ये ‘कोणत्या जिल्ह्यांतून माल उचलता’ असा प्रश्न आहे. मराठवाड्याचे आठ जिल्हे, हवे तितके निवडा. शहराच्या नामांतराला केंद्राची मंजुरी २४ फेब्रुवारी २०२३ ला मिळाली, सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा-तालुक्याची महसुली नावंही अधिसूचनेने बदलली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव. कुणीतरी तत्परतेने फॉर्मची यादी बदलली. पण यादीत जिल्ह्याचं नाव हेच पाटीवरही होतं आणि हेच आत साठवायचं मूल्यही होतं. दोन्ही बदलली, आधीच साठवलेल्या नोंदी जुन्याच राहिल्या.

परिणाम दोन ठिकाणी दोन तऱ्हांचे झाले. ऑफिसच्या संगणकावर जुन्या व्यापाऱ्याचा फॉर्म उघडला की जालन्यावर खूण दिसे, छत्रपती संभाजीनगर कोरं दिसे. साठवलेलं ‘औरंगाबाद’ पर्यायांत नसल्याने पडद्यावर येतच नव्हतं. पत्ता दुरुस्त करून जतन केलं की जालना तेवढा परत जाई आणि औरंगाबाद गायब. आवाज नाही, लाल अक्षर नाही. टॅबवर मात्र जुनी पानं साठवलेली होती; तिथून जुन्या नावांसकट यादी यायची आणि सर्व्हर म्हणायचा, ‘औरंगाबाद हा उपलब्ध पर्याय नाही.’ तेही एका वेळी एकच. जँगो यादी क्रमाने तपासतो आणि पहिल्या चुकीच्या नावावर थांबतो. टॅबवरच्या मुलाने ते नाव काढून पुन्हा पाठवलं की मग उस्मानाबादवर अडायचं. आठांपैकी सहा नावं बरोबर असली तरी दोन नावांपायी अख्खी यादी परत, हा नियम मला योग्यच वाटतो. पण कोणती सगळी नावं चुकली ते एकदमच सांगायला हवं. आमच्या फॉर्मपुरतं ते आता आम्ही सांगतो.

खरी दुरुस्ती नावाला मूल्यपदावरून उतरवण्याची होती. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यांना क्रमांक आहेत: जालना ५१४, त्यापुढचा आमचा ५१५, धाराशिव ५२५. नाव काहीही होवो, ५१५ ला फरक पडत नाही. बिहारातही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. मजकूर जुळवत बसणाऱ्या पद्धतीला तोही एक दिवस भोवला असता. जुन्या नोंदी क्रमांकांत बदलायचं काम सहकारीने रात्री केलं, आधी बॅकअप घेऊन. बदलताना कुठे इंग्रजी स्पेलिंग, कुठे नावामागे अडकलेली मोकळी जागा, कुठे ‘औ.बाद’ असं सगळं निघालं. ते यंत्रावर न सोडता तिने डोळ्यांनी पाहून लावलं.

एक गोष्ट राहिली. गावांच्या निवडीचा एक पडदा होता आणि त्यावर ‘सर्व गावे’ असं बटण. जिल्ह्यात हजारावर गावं आहेत. ते बटण दाबून जतन केलं की सर्व्हर ‘बॅड रिक्वेस्ट’ एवढं म्हणून पाठ फिरवायचा. एका विनंतीत हजाराहून अधिक जोड्या जँगो घेत नाही, आणि प्रत्येक निवडलेलं गाव ही एक जोडी. ही मर्यादा उगाच नाही. २०११ च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका हॅकर परिषदेत दोन संशोधकांनी दाखवून दिलं होतं की मुद्दाम निवडलेल्या नावांच्या असंख्य जोड्या एकदम पाठवल्या तर सर्व्हर त्या मांडता मांडता थकून बसतो. त्यानंतर पीएचपीने हजाराची मर्यादा आणली. जँगोत ती २०१६ मधल्या १.१० या आवृत्तीपासून आली. मर्यादा वाढवणं एका ओळीचं काम होतं आणि नव्या मुलाने ते सुचवलंही. सहकारीने मानलं नाही. सर्व गावं म्हणजे नऊ तालुके; नऊ क्रमांक पाठवा आणि वगळायची गावं असतील तर ती वेगळी पाठवा, असं तिने बदललं. माझंही मत तेच होतं. तेराशे खुणा करणारा माणूस त्या तपासून बघत नाही.

टॅब अद्ययावत करायला ते ऑफिसात यावे लागतात किंवा चांगली रेंज मिळावी लागते. काही अजून आलेले नाहीत. त्यांच्यासाठी सर्व्हरवर एक छोटी तक्ती ठेवली आहे: ‘औरंगाबाद’ आलं तर ५१५ समजा, ‘उस्मानाबाद’ आलं तर ५२५. तक्ती वापरली गेली की लॉगमध्ये टॅबच्या क्रमांकासह नोंद पडते. सहकारी म्हणते, महिनाभर एकही नोंद पडली नाही की तक्ती काढून टाकू. नाहीतर पाच वर्षांनी कुणीतरी ती वाचेल आणि हे काय आहे म्हणून डोकं खाजवेल. मी म्हणतो, राहू द्या, चार ओळींचं ओझं किती. मागच्या आठवड्यात सोयगावकडच्या एका टॅबवरून नोंद आली, त्यामुळे वाद तूर्त पुढे ढकलला गेलाय, आणि तो टॅब घेऊन येणाऱ्या मुलाला कारकुनाने सोमवारी बोलावलंय.